लोंबत्या मानांची ओपीडी

प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात फायली साठतात तसेच किस्सेही साठतात. फायली कपाटात कुलूपबंद राहतात, किस्से मात्र मला डबा खाताना गप्प बसू देत नाहीत! नावं बदलून सांगते. नवी मुंबई आहे ही, इथे प्रत्येकाची मावशी कुणाच्या तरी सोसायटीत राहते.

कोपरखैरण्याच्या एका क्लिनिकमध्ये मी काउन्सेलर आहे. पेशंटला धीर देऊन डॉक्टरांसमोर बसवायचं हे माझं काम. आणि त्याला घाबरवून परत पाठवायचं हे डॉक्टरांचं! म्हणजे, ते तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, "ऑपरेशनआधी माणसाला सगळं माहीत पाहिजे." टाके कुठे येणार, पट्टा किती आठवडे बांधायचा, सूज कधी उतरणार, सगळं सांगतात. मी अर्धा तास खपून माणूस तयार करते, डॉक्टर पाच मिनिटांत त्याला लिफ्टपर्यंत पोचवतात.

*

ऐरोलीचा एक आयटी मॅनेजर आला. वय बेचाळीस. व्हिडिओ मीटिंगमध्ये स्वतःची मान बघून बघून हैराण झालेला. "मॅडम, स्क्रीनवर मी माझ्या आजोबांसारखा दिसतो!"

मी नेक लिफ्टची, म्हणजे मानेची सैल कातडी ताणून बसवायच्या ऑपरेशनची, सगळी माहिती दिली, गडी तयार झाला. डॉक्टरांनी मान चाचपली, कातडी चिमटीत धरून सोडली आणि विचारलं, "लॅपटॉप कुठे ठेवता?"

"मांडीवर."

"खाली चार जाड पुस्तकं ठेवा. कॅमेरा डोळ्यांसमोर आला पाहिजे. महिन्याने या."

तो महिन्याने खरंच आला, पेढे घेऊन! "डॉक्टर, मान तर सुधारलीच, पाठही दुखायची थांबली. आता कोणतं ऑपरेशन करू?"



*

तुर्भ्याच्या एक रिटायर्ड मुख्याध्यापिका होत्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. बाईंची शिस्त अशी, की आमच्या फॉर्ममधल्या शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी लाल पेनाने दुरुस्त करून दिल्या. सिगारेट? नाही. विडी? नाही. गुटखा? नाही. पुढे ठसठशीत सही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सात वाजता शीला सिस्टर धावत आली. "मॅडम, बाई बाथरूममध्ये मिश्री लावतायत!"

डॉक्टरांनी तिथल्या तिथे ऑपरेशन रद्द केलं. तंबाखू पोटात जावो नाहीतर हिरड्यांना लागो, कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, कानामागची कातडी काळी पडू शकते. महिनाभर आधी बंद पाहिजे म्हणजे पाहिजे. हे मी बाईंना समजावलं आणि जरा चिडूनच विचारलं, "बाई, चाळीस वर्षं मिश्री लावताय, सांगायचं नाही का?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सिगारेट, विडी आणि गुटखा विचारलंत. पेपरात नसलेल्या प्रश्नाचं उत्तर मी का लिहू?"

आता फॉर्ममध्ये मिश्रीचा चौकोन आहे. शुद्धलेखन बाईंनीच तपासलंय!

*

सानपाड्याच्या एक काकू. ऑपरेशन झकास झालं, पण सोसायटीत कुणाला कळता कामा नये! हनुवटीखालून डोक्यावर पट्टा बांधलेला, कानामागे टाके, गळा निळा-पिवळा. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "लोक विचारणार. काय सांगायचं ते ठरवून ठेवा."

काकूंनी ठरवलं होतं, "रिक्षा उलटली."

पहिल्या दिवशी शेजारणी शहाळी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी कमिटी आली. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी आणि सहा जण रिक्षा स्टँडवर जाऊन भांडून आले. चौथ्या दिवशी काकूंचा मला फोन.

"मॅडम, स्टँडवाल्यांनी एक ड्रायव्हर शोधलाय, तो माफी मागायला खाली आलाय. आता मी काय करू?"

"त्याची रिक्षा खरंच कधी उलटली होती?"

"ते मला काय माहीत! पण रडतोय बिचारा."

*

दिवाळे गावच्या एक कोळीणबाई मासे विकतात. त्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी बोलला ते बोलला. पन मी कल्ला उघडून बघितल्याबिगर पापलेट घेत नाय. मना टाके दावा."

आमच्या एक जुन्या पेशंट योगायोगाने चेकअपला आल्या होत्या. भली बाई, तयार झाली. कोळीणबाईंनी तिला खिडकीपाशी उजेडात नेलं, केस बाजूला केले, कानाची पाळी पुढे दुमडली, अंगठ्याने व्रण दाबला. आणि मग, देवाशपथ सांगते, वास घेतला!

"सा म्हयन्यांचा हाय," त्या म्हणाल्या.

मी फाइल काढली. सहा महिने आणि चार दिवस!

*

आणि मथुराबाई. तळवलीच्या आगरी, वय पासष्ट. धाकट्या मुलाचं लग्न तीन महिन्यांवर. बरोबर तीन सुना. तिघींच्या गळ्यात अस्सल सोनं, आणि तिघींचा ऑपरेशनला कडाडून विरोध.

थोरली मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, आईंना समजवा ना. या वयात भूल देणं म्हणजे रिस्क हाय. लोक काय बोलतील?" मधली म्हणाली, "बीपीपण हाय." तिसरीने नुसती मान हलवली.

मथुराबाईंनी आत डॉक्टरांपुढे एक फोटो ठेवला. बाकीच्या बायका नट्यांचे फोटो आणतात. हा त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा. हनुवटीपासून पोटापर्यंत सोनंच सोनं.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "यात मान कुठंय?"

"नाय दिसत ना? तेच सांगतंय मी." मथुराबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "हा गला चाळीस वर्सां सोन्याखाली होता. कोनी बघितला नाय, मीपन नाय. एकेक पोराचा लगीन झाला, एकेक सुनेला सोना दिला. खुशीनं दिला, कोनी मागितला नवता. आता गला उघडा पडला. आरशात बघितला तं कोंबड्याचा! हलदीला समदा गाव येल. वरमाय मी हाय. या गल्यानं मी पुढं कशी उभी रावू?"

मला हसू आलं नाही. खरं तर मला त्यांना लगेच तारीख द्यावीशी वाटत होती, आणि डॉक्टरांनी आज तोंड उघडू नये असंही वाटत होतं.

डॉक्टरांनी उघडलं. बीपी ताब्यात हवं, फिजिशियनचं सर्टिफिकेट हवं. कानामागे आणि हनुवटीखाली टाके. दोन-तीन आठवडे पट्टा. हळदीपर्यंत सूज बरीच उतरेल, पण थोडी राहूही शकते. मथुराबाई प्रत्येक गोष्टीला "चालंल" म्हणत गेल्या. मिश्री विचारली, तीही नव्हती.

"आनि किती वर्सां टिकंल?"

"आठ-दहा. वय थांबत नाही ना. मग कातडं हळूहळू पुन्हा सैल पडणार."

"म्हंजे परत लोंबनार?"

"थोडं. हो."

मथुराबाईंनी फोटो उचलला, पदराने पुसला. मग उठून दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या सुनांना हाक मारली.

"पोरींनो, ऱ्हावंदे गो ऑपरेशन! सोना काय लोंबत नाय. हलदीपुरता माजा समदा मना परत आना."

तिघींचे हात एकदम आपापल्या गळ्यावर गेले.

थोरली सर्वांत आधी आत आली. मला ओलांडून थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी.

"डॉक्टर, लवकरात लवकर कुठली तारीख मिळेल?"