हमीदभाईंचे वीस सेकंद

विमान खाली येऊ लागलं, तेव्हा समुद्र कुठे संपतो आणि वाळू कुठे सुरू होते तेच कळेना. बहारीन इतकं चिमुकलं, की आपण चुकून पलीकडच्या पाण्यात उतरू अशी मला धास्ती! विमानतळावर धाकटा भाऊ नितीन उभा होता. घरची खुशाली विचारायच्या आधीच म्हणाला, "ताई, वेळेवर आलीस. बेसबॉलच्या नियमांवरून आमचं वाजणार आहे." अमरावतीला कॉलेजात मी सॉफ्टबॉल खेळायचे, म्हणून हा मान.

गुदैबियात त्याच्या फ्लॅटखालीच सांबाराचा वास आणि मसाल्यांची दुकानं. आपण देश सोडलाय असं वाटेना. संध्याकाळी अदलियातल्या एका कॅफेत त्याच्या बेसबॉल टीमची बैठक होती. मी करक (वेलचीचा दाट दुधाचा चहा) मागवला आणि पहिल्याच घोटाला जीभ भाजून घेतली.

नितीनचं म्हणणं असं, की पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, वीस सेकंदांत चेंडू टाकायचा. उशीर झाला तर तो चेंडू बॅटरच्या फायद्याचा धरायचा. अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांत घड्याळ आलंय, मग आपल्याकडे का नको?

"जुम्याच्या नमाजापर्यंत आपली मॅच संपतच नाही," तो म्हणाला. "निकालाआधीच अर्धे लोक निघून जातात."

समोर हमीदभाई बसले होते. मूळचे राजापूरचे, इथे हार्डवेअरचं दुकान, वय साठीकडे झुकलेलं. ही टीम त्यांनीच जमवलेली, आणि टीममधले सगळ्यांत सावकाश पिचरही तेच.

"नितीन, सरळ बोल ना, हमीद म्हातारा झालाय," ते म्हणाले. "दुकानात घाई, रस्त्यावर घाई. या एका खेळाला घड्याळ नव्हतं, म्हणून तर मी यात आलो."

नितीन गोरामोरा झाला. मला तर हमीदभाईंचंच पटत होतं.

"आणि बॅटरला नको घड्याळ?" त्यांनी विचारलं.

"त्यालाही लावा. उशीर केला तर स्ट्राइक!" नितीन तोऱ्यात म्हणाला. (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद.) शुक्रवारी आपसांत दोन बाजू करून एक मॅच तशी खेळून बघायची आणि मग मतं घ्यायची, असं ठरलं.

शुक्रवारी वारा छान होता. मैदान म्हणजे निव्वळ वाळू, लांबवर सीफ भागातले उंच टॉवर. मी पाहुणी, म्हणून स्टॉपवॉच माझ्या हाती आलं. हमीदभाई चेंडू बोटांत फिरवत, खांदे सैल करत, आभाळाकडे बघत. मला दोनदा "टाइम!" ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे न बघताच घाईने चेंडू भिरकावला. तो भलतीकडेच गेला. मला कसंनुसं झालं.

मग नितीन बॅटिंगला आला. आधी ग्लोव्हज ओढले, मग हेल्मेट, मग बुटाने वाळू सारखी केली. दोन स्ट्राइक आधीच झाले होते. मी ओरडले, "टाइम!" तिसरा स्ट्राइक. आउट.

"ताई! भाऊ आहे मी तुझा!"

"म्हणून तर दोन सेकंद जास्त दिले होते."

सगळ्यांत मोठ्याने हसले ते हमीदभाई.

मॅच नमाजाच्या बरीच आधी संपली. हमीदभाईंची बाजू हरली. नमाजानंतर सगळे एका हॉटेलात जमले. मचबूस (मटण घालून शिजवलेला मसालेदार भात) आला आणि मतं सुरू झाली. बरोबरी झाली. राहिले हमीदभाई. ते टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले.

"मॅचनंतर इतकी माणसं जेवायला कधी थांबली होती रे?" असं म्हणून त्यांनी हात वर केला. "घड्याळ राहू दे. पण मला ते जमायचं नाही. पुढच्या वेळेपासून नितीन टाकेल चेंडू, मी शिकवतो."

नितीनच्या हातातला घास तसाच राहिला. "हमीदभाई, मला तसं नव्हतं म्हणायचं."

"माहीत आहे मला. यल्ला (चल), भात वाढ."

आठवड्याने मी परत निघाले. विमान वळलं तसा खाली किनारा दिसला आणि मी उगाच ते मैदान शोधत राहिले. मला मत असतं, तर मी हमीदभाईंसाठी नियमाच्या विरोधात दिलं असतं. मग पिचर तेच राहिले असते, आणि पुढच्या दर शुक्रवारी मॅचनंतर जेवायला बहुधा एकटेच बसले असते.