दातांनी सूर ऐकणारी जयू

देवास गेटकडून आत वळलं की एका गल्लीत पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर नाव तात्या पोतनीसांचं, पण गेली बत्तीस वर्षं ते चालवते त्यांची मुलगी जयू.

जयूचे कान लहानपणापासून वाहायचे. औषधं झाली, ऑपरेशन झालं. तरी विसाव्या वर्षापर्यंत समोर बसून मोठ्यानं बोललं तरच तिला कळायचं. कानात मशीन घातलं की कान पुन्हा वाहायला लागायचा. तात्यांना याचं फार वाईट वाटे, कारण घरात सुराची खरी समज होती ती याच पोरीला.

तात्या स्क्रू पिळायचा पेचकस दातात धरून काम करायचे. तेव्हा पेचकस पेटीला लागला की सूर डोक्यात घुमतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एका दुपारी त्यांनी जयूच्या हातात सागवानाची पट्टी दिली.

"एक टोक पेटीवर टेकव, दुसरं दातात धर."

त्यांनी भाता हलवत एकेक सूर वाजवला आणि तो जयूच्या जबड्यातून थेट आत शिरला. ती दचकली. डोळे पुसत म्हणाली, "तात्या, काळी दोन उतरलीये."

तात्यांनी दोनदा वाजवून पाहिलं. खरंच उतरली होती.

तेव्हापासून पेट्या सुरात लावायचं काम जयूचं झालं. पण एकदा एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "बाईजी, पेटी सुनती हो कि खाती हो?" तिनं ते त्याच्या ओठांवरून वाचलं. दुसऱ्याच दिवशी दुकानात पडदा लागला. तात्या गेल्यावरही पडदा तसाच राहिला. त्याच्यामागे ती काय करते हे फक्त तिच्या नवऱ्याला, अनिलला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी माधव नगरातली ऋचा आजोबांची पेटी घेऊन आली. ती कानांची तपासणी करायची, नुकताच दवाखाना टाकला होता. हाका मारूनही उत्तर आलं नाही, म्हणून तिनं पडदा सारला. जयूनं घाईनं पट्टी पदराखाली लपवली.

ऋचा खाली तिच्यासमोर बसली आणि सावकाश म्हणाली, "काकू, लपवू नका ना. दाखवा."

पट्टी पाहून ती इतकी खूश झाली की जयूला काही समजेना. ऋचानं मोबाइलवर एक जुनं चित्र शोधून दाखवलं. झगा घातलेली एक बाई काळ्या पंख्याची कड दातात धरून बसली होती.

"ही काय पंखा चावतेय?"

"ऐकतेय, काकू. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत असे पंखे विकायचे. आवाज दातांतून, हाडांतून आत जातो. पुढे लोक ते पंखे बिलकुल विसरून गेले. आता तीच गोष्ट नव्या मशीनमध्ये परत आलीये. कानात काही घालायचंच नाही."

जयूनं मोबाइल हातात घेऊन त्या बाईकडे पाहिलं. "म्हणजे मी एकटीच नव्हते," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ऋचानं तिच्या डोक्याला एक पट्टा बांधला. त्यावरची बटणाएवढी डबी कानामागच्या हाडावर टेकवली आणि पाठीमागे जाऊन विचारलं, "काकू, चहा घेणार?"

जयू गर्रकन वळली. "तू बोललीस? तोंड न दाखवता?"

पहिला दिवस फार जड गेला. हॉर्न, कुकरची शिट्टी, शेजारच्यांचा टीव्ही. संध्याकाळी डोकं धरून तिनं पट्टा काढून ठेवला. पेट्यांसाठी तर तिला सागवानाची पट्टीच बरी वाटली, मशीनमधून सूर थोडा कोरडा यायचा. पडदा मात्र तिनं काढून टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आल्यावर तिनं पडल्यापडल्याच पट्टा लावला. स्वयंपाकघरात अनिल चहा करत होता. बँकेतून रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा त्याचाच. तिला त्याची कुजबुज ऐकू आली, "अरे थांब, उतू नको जाऊ. भांडं पडलं तर उठेल ती."

ती हळूच दारात जाऊन उभी राहिली. अनिलनं पातेलं दोन्ही हातांनी, जराही आवाज न करता खाली ठेवलं.

"अहो, मला तर काही ऐकूच यायचं नाही. मग इतकी वर्षं हळू कशाला?"

अनिल ओशाळला. "मालूम नाही. पहिल्यापासून सवयच आहे. झोपलेल्या माणसाजवळ मोठ्यानं कसं बोलायचं?"

जयूनं डोक्यावरचा पट्टा नीट केला. ती म्हणाली, "गॅसकडेच तोंड करा. आणि बोला."

"काय बोलू?"

"काहीपण."

तो गॅसकडे वळला. जरा अडखळला, मग सांगू लागला की आज नळाला पाणी उशिरा आलं, दूधवाल्याचा पोरगा पास झाला, आलं संपत आलंय. जयू चौकटीला टेकून त्याच्या पाठीकडे पाहत ऐकत राहिली.