काचेवरचं खोबरेल

झेरॉक्स मशीनला खंडेनवमीला कुंकू लावणारे पुष्कळ असतील. झाकण उघडून थेट आतल्या काचेवर लावणारी मी एकटीच. दिराच्या ट्रकला कुंकू, लिंबू, झेंडूचा हार. मग माझ्या मशीनने काय पाप केलं होतं? दुसऱ्या दिवशी ते कुंकू पुसलं, तेही खोबरेलाने. कपाळाचं तसंच निघतं ना! काच चकचकीत दिसली आणि बयाबाई खूश.

गोव्याला घटक राज्य मिळालं तसा डिचोलीत जो तो प्रती मागू लागला होता. घराच्या पुढच्या खोलीत मी मशीन मांडलं. दिराला तिथे खाणीच्या ट्रकांचे सुटे भाग विकायचे होते. घर सासूबाईंचं, निकाल त्यांचा: जत्रेपर्यंत मशीन नीट चाललं तर खोली माझी, नाहीतर त्याची.

आणि दसरा उलटताच प्रतींवर धुरकट ढग. मयेच्या नाटकमंडळींचे मास्तर जत्रेच्या नाटकाची संहिता घेऊन आले होते. पहिलं पान बघून म्हणाले, "बाई, हे वाचायला आमचा खलनायक चष्मा लावून रंगमंचावर येईल."

मी भडकले. आधी शाईच्या भुकटीवर. डबा हलवून हलवून साडी काळी केली. मग कागदवाल्यावर: "दमट माल गळ्यात मारतोस?" त्याचा कागद उन्हात वाळवला, ढग तसेच. मग विजेवर. मग खाणीच्या धुळीवर, म्हणजे पर्यायाने दिरावर. पणजीच्या एजंटाला फोनवर असं झापलं की बाजारातली गिऱ्हाइकं दाराशी थांबून ऐकत होती.

दीर तर टेप घेऊन भिंतच मोजायला लागला. "वहिनी, ढग बरे जमले हां! पाऊस कधी पाडतेस? बायकांच्या हातात मशीन म्हणजे असंच."

त्या वाक्याचा राग मला आज नातवंडं झाली तरी येतो. तेव्हा तर डोळ्यांपुढे अंधारी आली. मास्तरांचं पान उचललं आणि काचेवर आपटलं. रागात उलटं पडलं, खालची बाजू वर. बटण दाबलं.

प्रत आली. अक्षरं उलटी झाली होती. ढग मात्र होता तिथेच, डाव्या कोपऱ्यात.

म्हणजे खोट कागदात नव्हती, मास्तरांच्या अक्षरातही नव्हती. झाकण उघडून काचेवर बोट फिरवलं. सर्रकन घसरलं. वास घेतला. खोबरेल! माझंच, आमच्याच घाण्याचं!

शेजारच्या औषधवाल्याकडून स्पिरिट आणलं, मऊ फडक्याला लावून काच पुसली, कोरडी केली. पुढची प्रत अशी उमटली की मास्तरांच्या हस्ताक्षरातली खाडाखोडसुद्धा वाचता आली. त्यांनी तिथेच बसून सगळं नाटक काढून घेतलं.

आता दिराकडे वळून चार शब्द सुनवायचे म्हणून मी पदर खोचला, तोंड उघडलं. पण सासूबाई आधीच दारात उभ्या होत्या. स्पिरिटचं फडकं त्यांनी हुंगलं, तेल कुठून आलं ते बरोबर ओळखलं. दिराच्या हातातली टेप काढून घेतली, गुंडाळली, कनवटीला लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"खोबरेल आपल्या माथ्याक लाव गो बाये. मशीन तुज्यापरस थंड आसा."