पाण्याची फाइल

आमच्या गावाची उघाडी मी रोह्यात खुर्चीवर बसून उघडत-मिटत असे, आणि त्याचा मला भारी तोरा होता. वडखळच्या बाजूला खाडीला लागून आमची शेती. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा बांध आणि बांधात एक दार, तीच उघाडी. ओहोटी लागली की ती उघडायची, म्हणजे शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आत मिटायची, नाहीतर खारं पाणी भातात. एवढंच काम, पण ते चुकलं की हंगाम गेला.

हे काम गावाने माझ्या चुलतभावाकडे दिलेलं होतं. मी त्याला दादा म्हणते. मला सख्खा भाऊ नाही. बांधावरून पळायला, खाडीत पोहायला, जिताडा मासा काटा घशात न अडकवता खायला मला त्यानेच शिकवलं. एका पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरून त्याचा खांदा निखळला. उघाडीचं लोखंडी चाक फिरवणं त्याला जमेना, आणि कुणाला सांगायचीही लाज वाटे. मी रोह्याच्या एका कारखान्यात सेन्सर सांभाळते. म्हटलं, दादाचं चाक आता मी फिरवते.

दाराला मोटर बसवली. बांधाबाहेर पाण्याची उंची मोजणारा सेन्सर लावला. पत्र्याच्या पेटीत तळहाताएवढा संगणक ठेवला आणि तो सिमकार्डाने माझ्या मोबाइलला जोडला. या संगणकाची एक रीत मला पहिल्यापासून आवडते. त्याच्या लेखी प्रत्येक वस्तू म्हणजे एक फाइल. सेन्सर ही फाइल; ती वाचली की पाण्याची उंची दिसते. मोटर ही फाइल. तिच्यात एक लिहिला की दार उघडतं, शून्य लिहिलं की मिटतं. ज्याला पाटीवर आकडा काढता येतो त्याला दार चालवता येतं. आणि गंमत अशी, की पाण्याची ती फाइल कुठे साठवलेली नसतेच. आपण वाचायला गेलो की त्याच क्षणी सेन्सरला विचारून आकडा तयार होतो. खाडीचं पाणी हलतं, तसा आकडाही हलतो. लागोपाठ दोनदा वाचलं तरी शेवटचा अंक बदललेला असतो.

बाकीचं काम एका छोट्या प्रोग्रामचं. बाहेरचं पाणी खाली असलं तर दार उघडं ठेवायचं, वर चढलं की मिटायचं. पाण्याचा आकडा कोणत्या फाइलीतून वाचायचा, तो पत्ता सेटिंगमध्ये लिहिलेला. हे सगळं मी दादाला पेटीशेजारी बसून शिकवलं. तो आयटीआय झालेला, डोक्याने तल्लख, पटकन शिकला. त्याला फक्त वाचायची परवानगी देऊन लिहायची बंद ठेवता आली असती. पण दादापासून काय लपवायचं? पासवर्ड आम्हा दोघांकडेच होता.

त्या वर्षी भात छान निसवलं होतं, लोंब्यांत दाणा धरत होता. सर्वपित्री अमावास्येला मला सुट्टी मिळाली नाही. सकाळीच दादाचा फोन आला.

"तू तुजं काम बघ गो. उधाण हाय आज, पन मी हाय ना हितं."

मला केवढं बरं वाटलं! मी निवांत कामाला लागले.

दुपारी कॅन्टीनमध्ये डबा उघडला आणि आईचा फोन आला. त्या दिवशी दुपारी आमच्या गावात कुणी शेताकडे फिरकत नाही; घरोघरी पितरांची पानं वाढलेली असतात. आईच्या घासाला कावळा शिवत नव्हता, म्हणून ती तो घेऊन बांधापर्यंत गेली होती.

"अगो, उघाडी उघडी हाय. पानी शिरतंय शेतात."

मी मोबाइलवर बघितलं. पाणी खाली, दार उघडं. सगळं नियमाप्रमाणे.

"आई, ओहोटी आहे. शेतातलं पाणी बाहेर जात असेल. मी बघतेय ना इथे."

"तू बघतंस. मी त्यात उभी हाय. गुडघ्याला लागलंय."

अमावास्येच्या दुपारी तर भरती असते, ओहोटी कुठली? आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातलं शाळकरी पोरही हसलं असतं मला. प्रोग्राम वाचत होता ती पाण्याची फाइल मी पुन्हा वाचली. तोच आकडा. पुन्हा वाचली. शेवटचा अंकसुद्धा हलला नव्हता. आमची खाडी इतकी गप्प कधीच बसत नाही.

सेटिंग उघडलं. पत्ता बदललेला होता. सेन्सरच्या जागी एक साधी फाइल ठेवलेली, आत हाताने टाइप केलेला एकच आकडा. खऱ्या पाण्याची फाइल होती तिथेच होती, भरती आली म्हणून सांगत होती, पण तिला कुणी विचारतच नव्हतं. मी प्रोग्राम थांबवला आणि मोटरच्या फाइलीत शून्य लिहिलं.

"मिटलं गो," आई म्हणाली. "पन सगल्या खाचरात गेलंय."

अर्धी रजा टाकून स्कूटर काढली, नागोठण्यावरून वडखळ गाठलं. गावात पोचले तेव्हा ओहोटी लागली होती. दादा आमच्या खाचरापलीकडच्या त्याच्या मासे पाळायच्या तळ्यावर होता. तळ्याच्या तोंडाशी लावलेलं बारीक जाळं सोडवत होता. भरतीबरोबर जिताड्याची पिल्लं आत येतात; ती तळ्यात वाढवून विकली की चांगला पैसा मिळतो. भात कापल्याशिवाय खाडीचं पाणी आत घ्यायचं नाही, हा गावाचा नियम. आणि तो पाळायलाच गावाने त्याला ठेवलेलं.

"दादा, पाण्याचा पत्ता तू बदललास?"

त्याने जाळं खाली ठेवलं नाही.

"एका भरतीचा तं सवाल होता. भात काय, पुढल्या सालीबी व्हईल. काकूला मी माज्या मासलीच्या पैशातनं दिलं असतं."

"मग सकाळी फोन कशाला केलास?"

"तू बघत बसू नये म्हनून."

इतकं सरळ सांगितलं त्याने. खोटं बोलला असता तर मी भांडले असते. कुंपणानेच शेत खाल्लं असं लोक म्हणतात, पण ते कुंपण मी माझ्या हातांनी घातलं होतं, त्याचा खांदा दुखू नये म्हणून. मी तिथेच बांधावर बसून रडले. त्याने जाळं खांद्यावर टाकलं, बऱ्या खांद्यावर, आणि तो गेला.

भात उभं राहिलं, पण दाणा भरला नाही. झोडणीला निम्म्याहून जास्त फोल निघालं. गावाने दादाकडून उघाडी काढून घेतली. त्याचं नाव मी संगणकातून एका ओळीत पुसलं. खात्री आहे का, असंही संगणकाने मला विचारलं नाही. आम्ही आता बोलत नाही. लग्नकार्यात समोर आला की मी पदर सारखा करत दुसरीकडे बघते, आणि घरी आल्यावर माझं जेवण उतरत नाही.

पण त्याने नेलं ते भातापेक्षा मोठं होतं. पूर्वी उधाणाला आई मला फोन करायची. "मिटली का गो?" मी म्हणायचे, "मिटली," आणि ती फोन ठेवून आडवी व्हायची. आता फोन मीच करते. पत्ता तपासून, आकडा दोनदा वाचून सांगते, "आई, मिटली आहे."

"व्हय," आई म्हणते, आणि बांधावर जायला चपला घालते.