केमो, बोंबील आणि दादाची मिशी

कॅन्सर झाला की माणसाच्या घरी दोन गोष्टी आपोआप जमतात. फळं आणि किस्से. फळं भेटायला येणारेच खाऊन जातात. किस्से मात्र आपल्याला सांभाळावे लागतात, आणि ते फ्रीजमध्येही मावत नाहीत.

माझं महाडला पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. मोटार बसवायला तास लागतो, गिऱ्हाईकाला गोष्ट सांगायला दोन. थापाड्या म्हणून माझी ख्याती थेट पोलादपूरपर्यंत आहे. तर अशा माणसाला लिम्फोमा झाला. सहा केमो घ्यायच्या, चौथीनंतर स्कॅन. डॉक्टर म्हणाले, "गाठी विरघळत असतील तर उरलेल्या दोन देऊ. नसतील तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही आग्रह केला नाही.

* * *

ही बातमी मी पहिल्यांदा आमच्या भज्यांच्या गाडीवर सांगितली. मित्र बंड्या समोर होता. शाळेपासूनचा सोबती, आता औषधांचं दुकान चालवतो.

"बंड्या, मला कॅन्सर झालाय."

"हो का? आणि पुराच्या वेळी नदीतली मगर तुझ्या काउंटरवर हनुवटी टेकून बसली होती."

"ती बसली होतीच!"

"अर्ध्या एचपीची मोटार मागत होती ना?"

"एक एचपी. पण हे खरं आहे रे."

त्याने सरळ माझ्या बायकोला फोन लावला. स्पीकरवर. "वहिनी, हा काहीतरी बरळतोय. कॅन्सर म्हणे."

सुनंदाने आधी मिक्सर बंद केला. मग म्हणाली, "भाऊजी, या वेळी खरं बोलतायत."

बंड्याने फोन खिशात ठेवला. मग आपल्या प्लेटमधली उरलेली भजी माझ्या प्लेटमध्ये सरकवली.

इतक्या वर्षांच्या मैत्रीत असं कधी घडलं नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरलो!

* * *

केमोला नवी मुंबईला जावं लागायचं. गाडी माझी, ड्रायव्हर आमचा दादा. माझा थोरला भाऊ. एस.टी.त ड्रायव्हर होता, आता रिटायर होऊन कशेडी घाटाच्या अलीकडे डोंगरातल्या आमच्या वाडीवर आईसोबत राहतो. केमो ठरली त्या दिवशी तो पिशवी घेऊन महाडला आला आणि म्हणाला, "चावी दे." एवढीच चर्चा झाली.

दादा गाडी उत्तम चालवतो. दोष एकच. रस्त्यावर कोणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

पहिल्या केमोहून परत येताना मी पुढच्या सीटवर प्लॅस्टिकची पिशवी तोंडाशी धरून बसलो होतो. माणगावच्या पुढे एका म्हातारीने हात केला. गाडी थांबली. म्हातारी सुनंदाशेजारी बसली, मांडीवर शेवग्याच्या शेंगा घेऊन.

मी म्हटलं, "दादा, अरे ही प्रायव्हेट गाडी आहे!"

"हात केला ना तिनं. थांबायला नको?"

थोड्या वेळात मला भडभडून ओकारी आली. मागून म्हातारीचा आवाज आला, "गाडी लागते काय रे तुला? खिडकी उघड. लांब बघ."

सुनंदा काही सांगायला गेली, तर म्हातारी म्हणाली, "राहू दे गो, लाजवू नको त्याला. माज्या नातवाचं पण असंच व्हायचं." मग पिशवीतून लिंबू काढून माझ्या हातात दिलं आणि पाठीवर थोपटलं. "मोठा झालास की जाईल हो."

माझी पन्नाशी उलटून गेलीय. पण खरं सांगतो, त्या सगळ्या आजारात मला इतका ठाम दिलासा कुठल्याच डॉक्टरने दिला नाही.

* * *

दुसऱ्या केमोनंतर मला मासळीचा वास सहन होईना. कोकणातल्या माणसाची याहून वाईट अवस्था असू शकत नाही. मग आमच्या घरात मासळी बंद झाली. सुनंदाने जाहीर केलं, "तुम्हाला नाही, तर आम्हालाही नाही." माझी मुलगी नोकरीतून रजा काढून आली होती, तीही म्हणाली, "बाबा, वी आर विथ यू."

मी भारावलो. डोळे पुसले. घरात दुधी भोपळा सुरू झाला.

नंतर माझ्या लक्षात आलं, की दोघींची भक्ती एकाएकी वाढली आहे. दुपारी मला पेज भरवायची, अंगावर चादर घालायची आणि "देवळात जाऊन येतो" म्हणून दोघींनी निघायचं. येताना चेहऱ्यावर काय ते समाधान!

एकदा सुनंदा परत आली आणि माझं पांघरूण नीट करायला वाकली. केमोने सगळं बिघडतं, पण नाक कुत्र्यासारखं होतं.

मी विचारलं, "कुठल्या देवाला भाजलेल्या बोंबलाचा नैवेद्य लागतो गं?"

मुलगी बाथरूममध्ये पळाली. शेजारच्या वहिनींकडे रोज पंगत बसत होती म्हणे!

सुनंदा मात्र हलली नाही. "आपल्या वाडीच्या देवाला कोंबडा चालतो ना? मग बोंबलानं काय पाप केलंय?"

* * *

उपचार सांगणाऱ्यांची तर रांगच लागते. गोमूत्र, गुळवेल, कुठल्याशा झाडाची साल. बंड्या स्वतः औषधं विकतो, तरी त्याचा विश्वास महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर. "कुंडात बसलास की गाठी लोण्यासारख्या वितळतील," म्हणाला.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी आहेत. इन्फेक्शन होईल. कुंड वगैरे अजिबात नाही."

बंड्या मागे हटणारा नव्हता. स्कूटरवरून सवला गेला आणि पाण्याचा कॅन भरून घेऊन आला. "प्यायचं नाही, बसायचं नाही. नुसते पाय बुडव. पायात कसल्या पेशी?"

कॅन उघडला तर पाणी गारढोण! वाटेत त्याला कोणीतरी भेटलं होतं, गप्पा झाल्या होत्या. सुनंदाने ते पातेल्यात ओतलं आणि गॅसवर ठेवलं.

मी म्हटलं, "बंड्या, गॅसवर तापवल्यावर हे पाणी सवचं राहिलं की घरचं झालं?"

बंड्याने पातेल्याकडे बघून गंभीरपणे विचार केला. मग म्हणाला, "आच मंद ठेवा वहिनी."

* * *

तिसऱ्या केमोच्या सुमारास माझे केस गेले. मागोमाग भुवया आणि मिशी. आरशात मला एक सोललेला बटाटा दिसू लागला.

दादाची मिशी आमच्या तालुक्यात प्रसिद्ध आहे. तिला तो तेल लावतो. नोकरीत असताना एका साहेबाने ती कमी करायला सांगितली, तर दादाने बदली घेतली, पण मिशी दिली नाही.

चौथ्या केमोला मला न्यायला आला तेव्हा दारात एक अनोळखी गुळगुळीत माणूस उभा होता. डोकं चकोट. मिशी साफ.

"दादा! हे काय?"

"उवा झाल्या."

"आणि मिशीत?"

"तिथं पण झाल्या," दादा म्हणाला. "चल, उशीर होतोय."

गाडीत माणगावपर्यंत सुनंदा खिडकीतून बाहेर बघत होती आणि पदराने नाक पुसत होती. त्या दिवशी रस्त्यात एकानेही हात केला नाही. आमच्या दोघांच्या डोक्यांकडे बघूनच हात खाली येत असावेत!

* * *

स्कॅनच्या आदल्या दिवशी मी सुनंदाला घेऊन वाडीवर गेलो. आईला भेटायला. तिला आम्ही "रक्त कमी झालंय" एवढंच सांगितलं होतं. तीही जास्त खोदून विचारत नव्हती.

सकाळी मी आणि दादा ओटीवर बसलो होतो. दोघेही तुळतुळीत; दादा अजून रोज वस्तरा फिरवत होता. आमचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा दोन सख्खे भाऊ डोकं-मिशी काढून शेजारी बसलेले दिसले, तर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच निघतो.

पायवाटेने खालच्या वाडीतले बाबल्याकाका येताना दिसले. आमच्या भावकीतलेच. यांना एक बातमी सांगितली की पोलादपूरच्या स्टँडवर लाऊडस्पीकर लावायची गरज नसते. त्यांनी आमची डोकी पाहिली आणि लांबूनच टोपी काढली.

येऊन बसले. डोळ्यांना उपरणं लावलं. "कवा झालं रे? आमाला कळवलं पण नाय."

दादा तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याचा पाय दाबला. स्वभाव!

"वहिनी म्हंजे देवमाणूस," बाबल्याकाका सुरू झाले. "माज्या लगनात भांडी हिनंच दिली. हिच्या हातची आंबोळी अशी, की काय सांगू!"

दाराच्या फटीतून मला आई दिसत होती. हातात सूप. तांदूळ पाखडायचे थांबवून ती कान देऊन ऐकत होती. मी बघतोय हे पाहून तिने हाताने खूण केली. बोलू दे त्याला.

काका बोलत राहिले. आईची गाय, आईची लावणी, आईचा आवाज. शेवटी सुस्कारा टाकून म्हणाले, "तशी तोंडाने जरा फटकळ होती म्हणा..."

"कोण फटकळ रे?" आई सूप घेऊन दारात उभी!

बाबल्याकाका ओटीवरून खालीच उतरले. रामराम की नमस्कार, काय करावं त्यांना सुचेना. जरा वेळाने श्वास आला तसे हात जोडून म्हणाले, "वहिनी! चुकलं गो माजं! पण बरं झालं. जित्या माणसाची मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं. तुजं वाढलं बघ!"

आईने सूप खाली ठेवलं.

"माजं वाढवून काय करू मी?" ती म्हणाली. "ह्याचं वाढव. उद्या ह्याला मुंबईला न्यायचाय, तपासायला. आता जाशील तसा स्टँडवर थांब आणि सगल्यांना सांग, धाकटा गेला म्हणून."

दादा आपल्या नसलेल्या मिशीवरून बोटं फिरवत जमिनीकडे बघत होता.

"वहिनी, असं कसं सांगू?"

"माज्या वेळंला सांगायला निघालासच ना? तसंच सांग. नीट रडून सांग."

बाबल्याकाकांनी टोपी घातली आणि उतरणीला लागले. उभ्या जन्मात मला इतकी मोठी थाप सुचली नव्हती.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा सुनंदाचा मोबाईल वाजला. मी घेतला. महाडहून आमच्या शेजारचा सायकल दुकानदार होता. "वहिनी," तो रडत म्हणाला, "कधी नेणार?"

"मीच बोलतोय," मी म्हटलं.

पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला.

आई माझ्या ताटात भात वाढत होती. "कुठनं होता?"

"महाडहून."

"बातमी मुंबईला नाय पोचली अजून?" आई म्हणाली, आणि आणखी एक डाव भात वाढला.