पाठीवरचे वैमानिक

तामेकिची इसोझाकीला जन्मात कधी विमानात बसायला मिळालं नाही, पण वैमानिक मात्र त्याने शेकड्याने पाठीवर वाहिले. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांतल्या एका खाडीत जपानी आरमाराची पाण्यावर उतरणारी विमानं उभी असत. कमरेभर पाण्यातून चालत जायचं म्हणजे कपडे भिजणार, आणि भिजलेला माणूस वर हवेत काकडणार. म्हणून ही खांदेपालखी.

मूळचा जपानच्या गोतो बेटांवरचा कोळी. पाण्यात पाय कसा रोवायचा हे त्याला शिकवायला नको होतं. खोड एकच, विचारायची.

"साहेब, वरून मासळीचे थवे दिसतात का हो? गोळी जवळून गेली की ऐकू येते?"

"तामे, तू हमाल आहेस की वार्ताहर?" पाठीवरचा वैमानिक निरासावा हसायचा. "शत्रूचं विमान माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. झेपावलं की मी गर्रकन वळतो. ते पुढे निघून जातं."

"आणि वळायला उशीर झाला तर?"

"तर तुझ्या पाठीला आराम!"

एका सकाळी निरासावा पाठीवर बसला आणि तामेकिचीची पाठ भाजली. हिवताप! अशा अंगाने हा वेळेवर वळणार कसा?

"साहेब, ताप आहे तुम्हाला."

"गप चल. मागच्या खुर्चीत टेहळ्या हासुमी वाट बघतोय."

तामेकिची चार पावलं चालला आणि तोल गेल्यासारखं करून त्याने साहेबाला सरळ समुद्रात टाकलं. किनाऱ्यावर हशा पिकला. अधिकाऱ्याने दोन सणसणीत मुस्काटात दिल्या, तरी स्वारी मनातून खूश: भिजलेला साहेब आज काही उडत नाही.

पण विमान थोडंच थांबतं? राखीव वैमानिक तोकिएदा पुढे आला. "मला नका हं पाडू, काका!" म्हणत याच पाठीवर बसला. हे मात्र आमच्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुपार टळली. बाकीची विमानं उतरली, तोकिएदा-हासुमीचं तेवढं नाही. इंधन संपायची वेळही उलटून गेली.

अंथरुणातून निरासावाने विचारलं, "माझ्या जागी कोण गेलं?"

"तोकिएदा." तामेकिचीला रडू फुटलं. "मी मुद्दाम पाडलं तुम्हाला."

"ठाऊक आहे. तू कधी पाण्यात पडतोस का?" निरासावा भिंतीकडे वळला. "पुन्हा ताप आला तर मुकाट विमानापर्यंत पोचवायचं. हुकूम आहे माझा."

तामेकिचीने बाहीला नाक पुसलं.

"जमायचं नाही, साहेब."