चिंचेवर उतरलेल्या भोरड्या

आमच्यात मुलाच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की वरमायनं मांडवाबाहेर जाऊन पाठ करून बसायचं. बघितलं तर पोराच्या संसाराला दृष्ट लागते म्हणे. वीस वर्षं त्याचे डबे भरायचे, परीक्षेला त्याच्याआधी आपण उठायचं, आणि ऐन वेळी आपणच बाहेर. तरुणपणी या गोष्टीवरून मी घरात लई भांडले होते. पण स्वतःच्या पोराची वेळ आली तशी मुकाट उठले. दुसऱ्याच्या पोराच्या लग्नात माणूस शूर असतो, आपल्या पोराच्या वेळी भीती वाटते.

लग्न पैठण रोडवरच्या एका लॉनवर होतं, मुहूर्त गोरजेचा, म्हणजे दिवस मावळतानाचा. चिकलठाण्याहून आम्ही दुपारीच येऊन पोचलो होतो. सामान खोलीत टाकून जरा मागं चक्कर मारली तर एक जुनी मोठी चिंच दिसली आणि तिच्याखालची सगळी फरशी पाखरांच्या विष्ठेनं पांढरी झालेली. लॉनवरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "भोरड्या येतात मावशी. हिवाळाभर मुक्काम असतो. संध्याकाळी बघा, पान दिसत नाय झाडाचं."

भोरडी काय चीज असते ते मला कुणी सांगायला नको. पिशोरला माझ्या माहेरी ज्वारी हुरड्यात आली की त्यांची धाड पडायची. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे, आणि तोंडाला क्षणभर विसावा नाही. मी शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची आणि माझा धाकटा भाऊ खाली तेलाचा रिकामा डबा बडवत धावायचा. त्या पाखरांना मी इतक्या शिव्या दिल्यात की विचारू नका. पण दिवस कलला की आई माझ्या हातातली गोफण काढून घ्यायची. "टेकू दे आता त्यांला. अंधारात उठलेल्या पाखराला बसायला जागा दिसत नाय," म्हणायची. भाऊ तरी डबा वाजवत राहिला तर पाठीत धपाटा बसायचा.

तोच भाऊ आता नवरदेवाचा मामा. आणि मामाचा आहेर काय, तर फटाक्यांचा बार. भाच्याचं लग्न सगळ्या पैठण रोडला कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. फोनवर मी महिनाभर त्याचं डोकं खाल्लं होतं. लेकराबाळांत फटाके नकोत, कुणाची साडी पेटली म्हणजे? तर त्यानं माझं ऐकलं. फटाके रद्द नाही केले, माणसांपासून लांब नेऊन ठेवले. लॉनच्या मागं, चिंचेखाली.

हे मला कळलं तेव्हा मंगलाष्टकं निम्मी झाली होती. वरातीतली पोरं नाचायची थांबेनात, त्यापायी मुहूर्त टळून पार अंधारून आलं होतं. मी एकटीच मांडवामागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. समोर चिंच गच्च भरलेली. इतका वेळ चाललेला कलकलाट हळूहळू निवत आला होता, अधूनमधून एखादं पाखरू कुरकुरायचं आणि गप्प व्हायचं. तेवढ्यात बुंध्यापाशी मोबाईलचा उजेड दिसला. एक मिशीवाला माणूस ओणवा होऊन खोकी मांडत होता. आकाशात फुटणारे शॉट आणि त्यांच्यापुढं सुतळी बॉम्बची लांबलचक लड.

मी उठून गेले.

"अहो दादा, इथं नका लावू. वर पाखरं झोपलीत."

त्यानं मान वर करून बघितलं. "असू द्या मावशी. उडून जातील."

"अंधारात कुठं जातील?"

"मला मामांनी हीच जागा दाखवली. शेवटचं सावधान ऐकू आलं की वात लावायची. नाय लावली तर ते मला सोडतील व्हय?"

भावाला फोन लावला. पण मामा तर नवरदेवाच्या पाठीशी उभा. फोन खिशात वाजून वाजून बंद झाला. नवऱ्याला लावला तर त्याचा फोन माझ्याच पर्समध्ये वाजायला लागला. मी कपाळाला हात लावला.

कनातीपाशी धावले. मध्ये नुसतं एक कापड होतं. ते बाजूला करून आत गेले असते, भावाचा दंड धरला असता, तर सगळं थांबलं असतं. कापड मुठीत धरलं. आत गुरुजींचा आवाज चढत होता. माझ्या पोराचं काही वाईट झालं तर, हा एकच विचार डोक्यात. खुळचट आहे हे मला कळत होतं. तरी हात हलेना.

मग खुर्चीखालच्या पाण्याच्या बाटलीची आठवण झाली. वात भिजवली की झालं. बाटली उचलून पळाले, पैठणी पायात येत होती, झाकण निघत नव्हतं. आणि कर्ण्यातून शेवटचं सावधान आलं.

त्या माणसानं वात पेटवली आणि माझा दंड धरून मला मागं ओढलं.

पहिल्या आवाजासरशी अख्खं झाड उठलं. धुरात, लाल-हिरव्या उजेडात पाखरंच पाखरं, एकमेकांवर आदळणारी. आचाऱ्याच्या शेडच्या पत्र्यावर धपाधप काहीतरी पडत होतं आणि ते काय आहे हे मला माहीत होतं. विजेची तार थरथरत होती. मी डोक्यावर हात धरून तिथंच खाली बसले. एक पाखरू माझ्या पुढ्यात पडलं. उचलून पदरात घेतलं तर त्याचं काळीज बोटांखाली धडधडत होतं. थोडा वेळ धडधडलं, मग थांबलं. आत टाळ्या पडल्या, बँड सुरू झाला.

भाऊ घामाघूम होऊन बाहेर आला, फेटा कलला होता. "ताई, लागलं बघ लग्न. आम्हाला मांडवातनं आभाळातलं काहीच दिसलं नाय. सगळ्यात चांगलं तुलाच दिसलं असंल."

"व्हय," मी म्हणाले, "मलाच दिसलं." आणि पदर उघडला.

त्यानं मोबाईलचा उजेड धरला. गुलाबी छाती बघून तो खाली टेकलाच. वर अंधारात अजून त्यांचे आवाज फिरत होते, झाडाजवळ येत होते, धुराला बिचकून परत लांब जात होते. मान वर करून तो ऐकत होता.

"ताई," तो म्हणाला, "आता ह्या बसायच्या कुठं?"

आतून हाका सुरू झाल्या होत्या. मुलगा आणि सून पाया पडायला वाकले तेव्हा माझा एक हात पदराखालीच होता. आशीर्वाद मी दुसऱ्या हातानं दिला. पाखरू अजून कोमट होतं.